उमेदवारीचे विमान

‘उमेदवार’ हा शब्द अलीकडे निवडणुकीच्या भिंतींवर जाऊन बसला आहे. परंतु त्याचे जुने बिऱ्हाड कचेरीत होते. मामलेदाराच्या कचेरीत एखादा पोरगा मुरलेल्या कारकुनाशेजारी बिनपगारी बसे, बोरू झिजवी, दफ्तर बांधायला-सोडायला शिके आणि जागा केव्हा रिकामी होते याची वाट पाही. त्याला उमेदवार म्हणत. उमेद म्हणजे आशा. ती ज्याच्यापाशी आहे तो उमेदवार. शब्द आपण फारसीकडून उसना घेतला हे खरे, परंतु शिकणाऱ्याला ‘आशा बाळगणारा’ म्हणण्यात जो उदारपणा आहे तो आपण पुढे अंगी लावून घेतला किंवा कसे, हा प्रश्न निराळा.

माणसांप्रमाणे काही यंत्रेही उमेदवारीसाठी जन्माला येतात. लढाऊ विमानांवर ग्रंथ निघतात, त्यांच्या प्रतिकृती मुलांच्या कपाटावर विराजमान होतात. ज्या विमानावर वैमानिक शिकला त्याची आठवण मात्र शाळेतल्या पाटीइतकीही कोणी ठेवीत नाही. अशाच एका विस्मृत विमानाची हकीकत आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. ते दोन इंजिनांचे होते, अमेरिकेत बनले, डचांनी जावा बेटासाठी विकत घेतले, आणि त्याची शिकवणी पुरती व्हायच्या आधीच शत्रू दारात येऊन उभा राहिला.

खिदिरपुरास राहणाऱ्या मराठी कारकुनाने जावातल्या डच विमानाची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. आमच्या सौभाग्यवतींनी विचारलेच. त्याचे उत्तर खिदिरपुरातच आहे. हा भाग म्हणजे कोलकात्याचा गोदीचा दरवाजा. एका बाजूस टॉलीचा नाला, दुसऱ्या बाजूस हुगळी, आणि मध्ये १८९२ साली खुली झालेली गोदी. जहाज आत-बाहेर जायचे असले म्हणजे येथला पूल मधोमध उचलला जातो आणि कारकुनांस उशिराचे एक सबळ कारण लाभते. याच गोदीवर ५ डिसेंबर १९४३ रोजी, रविवारी भरदिवसा, जपानी विमानांनी बॉम्ब टाकले. शेकडो माणसे मेली, बहुतेक मजूरच. कलकत्त्यावरील हवाई हल्ले आदल्या वर्षीच्या २० डिसेंबरपासून सुरू झाले होते. परंतु खिदिरपूरच्या जुन्या घरांतून ‘बॉम्बचे साल’ म्हणून जे सांगतात ते हेच. ज्यांनी ते पाहिले ते आता फारसे उरले नाहीत; त्यांची मुले-नातवंडे ऐकलेले सांगतात. कोणता मजूर कोणत्या धक्क्यापाशी होता, कोण गावी पळाला, कोण परतलाच नाही.

ही विमाने आली कोठून? ब्रह्मदेशातून. आणि ब्रह्मदेश, मलाया, जावा हे सारे चार-सहा महिन्यांत कोसळले कसे? हा प्रश्न मनात धरून आम्ही सुटीच्या दिवशी अलीपूरच्या बेल्व्हेडियरमधील राष्ट्रीय ग्रंथालयाची वाट धरली. ते खिदिरपूरहून पायी जाण्याजोगे आहे आणि तेथे पंख्याखाली बसण्यास पैसे पडत नाहीत. अशा रीतीने गोदीवरून निघून मागे मागे जात आम्ही जावातील बांडुंग या शहरी पोहोचलो आणि तेथे या विमानाची गाठ पडली.

त्याचे मूळ घराणे साधे होते. लॉकहीड कंपनीचे ‘मॉडेल १२’, ऊर्फ ‘इलेक्ट्रा ज्युनियर’, हे २७ जून १९३६ रोजी कॅलिफोर्नियात प्रथम उडाले. सहा उतारू, दोन वैमानिक, साडेचारशे अश्वशक्तीची दोन इंजिने आणि शेपटीला दोन उभी सुकाणी, असे ते आटोपशीर विमान. सर्व प्रकार मिळून अवघी १३० बनली. ‘कॅसाब्लांका’ या १९४२ च्या चित्रपटाच्या अखेरीस धुक्यात जे विमान उभे असते ते याच जातीचे; तेव्हा आपणांपैकी अनेकांनी त्याचे दर्शन घेतलेले आहे, नाव ठाऊक नसले तरी. त्याची थोरली बहीण ‘इलेक्ट्रा’ तर कलकत्त्याची पाहुणी होऊन गेली. अमेलिया एअरहार्ट ही अमेरिकन वैमानिका पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली असता कराचीहून १७ जून १९३७ रोजी डमडमला उतरली, आणि पुढे अक्याब, रंगून, बँकॉक, सिंगापूर करीत बांडुंगला पोहोचली. तेथे डच कारागिरांनी तिच्या विमानाची दुरुस्ती केली. पंधरवड्याच्या आत ती पॅसिफिकवर कायमची नाहीशी झाली. कलकत्ता ते बांडुंग ही वाट अशी त्या घराण्याने आधीच आखून ठेवलेली होती.

डचांच्या जावातील सैन्याचे हवाई दल त्या सुमारास अमेरिकेकडून मार्टिन जातीची बॉम्बफेकी विमाने घेत होते. त्यांची संख्या शंभरावर गेली. विमाने विकत मिळतात, ती चालविणारी माणसे मात्र घडवावी लागतात. म्हणून लॉकहीडने त्या लहान उतारू विमानाचे एक शिक्षणाचे रूप तयार केले: नाकात एक मशीनगन, पाठीवर बंदुकीचा फिरता मनोरा, पोटाखाली बॉम्ब अडकविण्याची सोय. त्याचा क्रमांक २१२. जगात गिऱ्हाईक एकच मिळाले. डचांनी ही १६ विमाने घेतली आणि त्याच जातीची ४ उतारू विमाने वर घेतली.

दोन इंजिनांचे विमान वेगळे शिकावे का लागते, हे आम्हांस प्रथम कळेना. एकाऐवजी दोन असली म्हणजे निर्धास्तपणा वाढावा. प्रत्यक्षात गोष्ट बैलगाडीसारखी आहे. एक बैल मटकन खाली बसला आणि दुसरा ओढीतच राहिला, तर गाडी थांबत नाही. ती गरकन फिरते. एका बाजूचे इंजिन बंद पडले की चालू इंजिन विमानाला त्या मेलेल्या बाजूकडे वळवू लागते, थांबलेला पंखा वाऱ्याला अडवून त्यात भर घालतो, आणि वेग उतरला असेल तर सुकाणूही ऐकत नाही. अशा वेळी वैमानिकाने क्षणार्धात ओळखायचे की गेले कोणते इंजिन. त्याची एक खूण शिकवतात: विमान सरळ ठेवण्यासाठी ज्या पायाला जोर द्यावा लागत नाही, त्या पायाकडचे इंजिन मेले. चुकून चालू इंजिन बंद केले तर पुढचे सांगायला कोणी उरत नाही. ही गोष्ट पुस्तकात वाचून येत नाही. ती पायाला शिकवावी लागते.

शिवाय बॉम्बफेकी विमान हे एकट्याचे काम नव्हे. चालविणारा, नकाशा पाहणारा, नेम धरणारा आणि मनोऱ्यातला बंदूकवाला यांनी एकमेकांचा आवाज ओळखायला हवा. ते एकत्र शिकण्याची ही उडती पाठशाळा होती. आणि अशा विमानात दोन आसने शेजारी-शेजारी असून नियंत्रणाची साधने दोघांपाशीही असतात. शिष्य चालवितो, गुरू शेजारी बसतो. गुरूचे कौशल्य दोन गोष्टींत: हात केव्हा पुढे करायचा आणि तो केव्हा मांडीवर ठेवायचा. आम्हांस वाटते, दुसरी गोष्ट अवघड असावी.

इकडे उमेदवारी चालू असता तिकडे मालकाचे घरच बसले. १० मे १९४० रोजी जर्मनीने हॉलंडवर आक्रमण केले आणि पाच दिवसांत तेथील सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. जावा, सुमात्रा आदी बेटे हाती राहिली, परंतु पाठीशी देश उरला नाही. जपानला तेलाची निकड होती आणि तेल या बेटांत होते. डिसेंबर १९४१ मध्ये युद्ध पूर्वेत पेटले. बांडुंगच्या उत्तरेस कालिजाती येथे डचांची जुनी विमानशाळा होती. १९४२ च्या आरंभी ती शाळा जावातून हलविण्यात आली. ऑस्ट्रेलियाच्या मार्गाने ती थेट अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात गेली आणि मे महिन्यात जॅक्सन या गावी पुन्हा भरली. मागे राहिलेला कालिजातीचा तळ १ मार्च रोजी जपान्यांनी घेतला, आणि ८ मार्च १९४२ रोजी डच गव्हर्नर-जनरल व सेनापती जनरल इमामुरापुढे बसले ते याच तळावर. ज्या मैदानात विमान उडवायला शिकविले, त्याच मैदानात डचांनी राज्य गमावले.

त्या पराभवाचा एक तुकडा उडत उडत कलकत्त्यासही आला. डचांनी अमेरिकेत मागविलेली मिचेल जातीची काही बॉम्बफेकी विमाने जावाला पोहोचण्यापूर्वीच जावा पडले. ती बंगळूरपाशी अडकून राहिली. ब्रिटिशांनी ती मागून घेतली आणि डमडमहून ब्रह्मदेशाची आकाशातून छायाचित्रे काढण्याच्या कामी लावली. मैदानातील रेड रोड हा रस्ता तर त्या काळी लढाऊ विमानांची धावपट्टीच झाला होता. जावासाठी घेतलेली विमाने खिदिरपूरच्या गोदीच्या रखवालीस अशी आडवळणाने हातभार लावून गेली.

येथवर ही एका दुर्दैवी उमेदवारीची गोष्ट झाली. परंतु ग्रंथालयात आणखी काही दिवस बसल्यावर तिचा खरा धागा हाती आला. डचांनी विमाने आणली, शाळा काढली, गुरू नेमले. शिष्य मात्र जवळजवळ सगळे आपल्याच रंगाचे घेतले. सहा-सात कोटी लोकवस्तीच्या त्या बेटांत वैमानिकाचे शिक्षण मिळालेले भूमिपुत्र बोटांवर मोजण्याइतके. बंदूक व विमान ज्याच्या हाती द्यावे तो उद्या आपल्यावरच फिरेल, ही धास्ती. पुरे शिकवायचे नाही आणि मग ऐन वेळी ‘यांना काही येत नाही’ म्हणायचे, हा जगातल्या सर्व साहेबांचा शिरस्ता.

त्या मोजक्यांपैकी एक आदिसुचिप्तो नावाचा तरुण. तो कालिजातीला शिकला. डच गेले, जपानी आले. त्याची विद्या निरुपयोगी ठरली आणि सालातिगा या आपल्या गावी येऊन त्याने एका बस कंपनीत कारकुनी धरली. (वाचकहो, येथे आम्ही पुस्तक मिटून क्षणभर स्वस्थ बसलो.) १९४५ च्या ऑगस्टमध्ये इंडोनेशियाने स्वातंत्र्य पुकारले. आदिसुचिप्तोने जपान्यांनी टाकून दिलेली दुपंखी विमाने गोळा केली. तीही शिकाऊ विमानेच! आणि नोव्हेंबरात योग्यकार्तापाशी मागुवो येथे विमानशाळा काढली. पुस्तके नाहीत, सुटे भाग नाहीत, पेट्रोल जेमतेम. एकट्याला जे येत होते ते त्याने सगळेच्या सगळे देऊन टाकले. जुलै १९४७ मध्ये डचांनी पुन्हा चाल केली, तेव्हा त्या शाळेच्या कोवळ्या विद्यार्थ्यांनी २९ जुलैच्या पहाटे डुगडुगणारी विमाने नेऊन डचांच्या तीन ठाण्यांवर बॉम्ब टाकले.

त्याच दिवशी दुपारी सिंगापूरहून औषधे घेऊन येणारे एक डाकोटा विमान मागुवोस उतरण्याच्या बेतात असता डच लढाऊ विमानांनी पाडले. विमान भारतात नोंदलेले होते आणि ते पुरविले होते बिजू पटनाईक यांनी. त्याच महिन्यात सुतान शहरीर या इंडोनेशियन नेत्याला डचांच्या वेढ्यातून विमानाने बाहेर काढून दिल्लीस पोहोचविणारे तेच हे पटनाईक. पडलेल्या विमानात आदिसुचिप्तो होता. एकच प्रवासी वाचला. तो आदिसुचिप्तो नव्हे. वय एकतीस. परंतु तोवर त्याच्या हाताखालची पोरे उडू लागली होती. मागुवोच्या विमानतळाला पुढे त्याचेच नाव दिले गेले.

आता राईशेजारी पर्वत ठेवण्याचा दोष पत्करून स्वतःच्या कचेरीची एक गोष्ट सांगतो. आमच्या मेजाशेजारी वर्षभरापूर्वी एक नवा मुलगा रुजू झाला. नदिया जिल्ह्यातला, पदवीधर, शांत. आम्हांस ‘दादा’ म्हणतो. जुन्या दाव्यांच्या प्रकरणांचे जे एक किचकट दालन आमच्याकडे आहे, त्याची वहिवाट आम्हांस आठ वर्षांनी साधली. कागद संगणकावर गेले तरी कोणत्या प्रकरणाचे मूळ कोठे आहे, हे संगणक सांगत नाही. ते आम्ही सांगतो. त्यामुळे साहेब आम्हांस बोलावून खुर्ची देतात. एका सेवानिवृत्तीस टेकलेल्या हितचिंतकांनी आम्हांस बाजूस घेऊन सांगितले, ‘‘पोराला सगळे दाखवा, पण शेवटची किल्ली कनवटीला ठेवा. ती दिलीत की तुम्हांला कोण विचारतो?’’

सल्ला खोटा नव्हता. परमुलुखात जो नोकरी करतो त्याच्यापाशी गोतावळा नसतो, जमीनजुमला नसतो. ‘यांच्यावाचून अडते’ एवढीच काय ती त्याची वतनदारी. परंतु दुसरीही एक बाजू होती. वाईस आमची आई एकटी आहे. पुण्याकडे बदली मिळावी म्हणून आमचा अर्ज तीन वर्षे पडून आहे आणि त्यावर दर वेळी एकच शेरा येतो: कामाच्या दृष्टीने सोडता येत नाही. किल्ली कनवटीला लावणाऱ्याला कुलुपापाशीच पहारा करीत बसावे लागते, हे त्या शेऱ्यातले तत्त्वज्ञान. तथापि केवळ स्वतःच्या सुटकेसाठी कोणाला शिकवावे, हेही आमच्या मनास रुचेना. बदली न होता किल्लीही गेली तर? मग ना वाई, ना खुर्ची. आठ-दहा दिवस आम्ही हा जमाखर्च मांडीत होतो. तो जुळला नाही.

त्या दिवसांत आम्ही आपल्या देशाच्या वैमानिकी उमेदवारीचा इतिहास चाळला. येथेही आरंभ कंजूषपणाचाच. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दल स्थापन झाले. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीस पहिली तुकडी उभी राहिली तेव्हा वैमानिक पाच आणि जुनाट वापिटी विमाने चार. त्या पाचांत कलकत्त्याचे सुब्रतो मुखर्जी होते. तेच १९५४ साली दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. १९४० च्या डिसेंबरात सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगळुरास विमानांचा कारखाना काढला. १९४१ च्या पावसाळ्यात तेथून बाहेर पडलेले पहिले विमान कोणते? हार्लो जातीचे, शिक्षणाचे. जावात शिकवण्या चालू होत्या तेच हे साल.

पुढे स्वतंत्र भारताने स्वतः आखलेले पहिले इंजिनाचे विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये उडाले, तेही शिक्षणाचेच: एचटी-२. त्याचे शिल्पकार डॉ. विष्णु माधव घाटगे, कोल्हापूरकडचे. जर्मनीत गॉटिंगेन येथे प्रांड्टल या महापंडिताच्या हाताखाली त्यांनी वायुगतिशास्त्राची पदवी मिळविली आणि बंगळुरास येऊन ती विद्या विद्यार्थ्यांस वाटली. घाटग्यांनी आरंभ तोफा लावलेल्या विमानाने केला नाही. दोन आसनांच्या साध्या विमानाने केला, ज्यात एक शिकणार आणि एक शिकविणार. त्यावर भारतीय वैमानिकांच्या पिढ्या हात बसवून गेल्या, आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या घानालाही आपण तशी बारा विमाने दिली. ज्याला काल कोणी पुरते शिकविले नव्हते त्याने आज दुसऱ्यास शिकविण्याची साधने पाठवावी, याहून स्वातंत्र्याचा अर्थ वेगळा काढता येत असेल तर विद्वानांनी काढावा.

लॉकहीड २१२ ने कोणतीही लढाई जिंकली नाही. त्याची शाळा मोडली आणि दूर मिसिसिपीत मांडावी लागली. त्याचा मालक त्याच मैदानावर शरण गेला. परंतु दोष विमानाचा नव्हता. ते ज्या कामासाठी केले होते ते काम त्याने इमानाने केले असणार. कोणाला शेजारच्या आसनावर बसवायचे हे विमान ठरवीत नाही.

आमचा जमाखर्च अजूनही जुळलेला नाही, परंतु त्यासाठी थांबण्याचे आम्ही सोडून दिले. आठ वर्षांच्या आमच्या टिपणांच्या दोन वह्या आहेत. मराठीत लिहिलेल्या असल्याने त्या सुरक्षित आहेत, असा आमच्या हितचिंतकांचा समज होता. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही रोज तासभर त्या वाचून दाखवितो आणि तो मुलगा बंगालीत उतरवून घेतो. ‘मुदत’, ‘नक्कल’ असले शब्द दोघांच्याही घरचे निघाले तेव्हा त्याला मोठी मौज वाटली. बदलीचा हुकूम आलेला नाही. मात्र परवा साहेबांनी एका जुन्या दाव्याचे मूळ विचारले, तेव्हा आमच्या आधी तो बोलला. बरोबर बोलला. दुसऱ्या एका प्रकरणात तो अडखळला. आमच्या जिभेवर उत्तर होते. आम्ही हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसलो. थोड्या वेळाने त्याचे त्यालाच सापडले.